दाव्याचे दुसरे टोक

दिवाळी आमच्याकडे वसुबारसेने सुरू होते. पनवेलची २०१६ साली महानगरपालिका झाली आणि तेव्हापासून वसुबारसेला गाय शोधावी लागते. आमच्या चाळीतल्या बायका संध्याकाळी ताम्हनात निरांजन घेऊन दोन गल्ल्या ओलांडतात, एका गवळ्याच्या गोठ्यापुढे रांग लावतात, गाईच्या पायांवर पाणी घालतात, वासराच्या कपाळाला कुंकू लावतात आणि ओवाळून परत येतात. गाय बिचारी शांतपणे उभी असते. दरवर्षी मला वाटते, तिच्या मनात काय येत असेल? बहुधा एवढेच, की ही सगळी मंडळी वैशाखात कुठे होती?

हा वाकडा विचार मी घरी बोलून दाखवत नाही. सणाच्या दिवशी बायकोशी वाद घालण्याइतका मी धीट नाही. पण वाचकहो, आपणच सांगा. आश्विनात गवत अजून ओले असते, वडाळे तळे काठोकाठ भरलेले असते, भाताचा नवा पेंढा दारात येऊन पडायचा असतो. अशा दिवसांत जनावरावर माया करायला पैसा लागत नाही आणि घामही लागत नाही. वसुबारस वैशाखातल्या द्वादशीला, दुपारी एक वाजता पाळायची रीत असती तर ताम्हनाऐवजी बादली न्यावी लागली असती आणि रांग पुष्कळ लहान झाली असती.

जनावराशी आपले नाते काय, ते दयेचे की देण्याचे, हा प्रश्न पंडितांनी पुष्कळ चघळला आहे. मी मॅट्रिकपुरत्या विद्येचा मास्तर. त्यांच्या पंक्तीला बसण्याचा माझा अधिकार नाही. पण हा प्रश्न मला एका उन्हाळ्याच्या दुपारी, अकराव्या वर्षी पडला आणि तो अजून सुटलेला नाही. म्हणून लिहितो.

आधी आमच्या उन्हाविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण घाटावरच्या वाचकांना आमचे ऊन म्हणजे थट्टा वाटते. नागपूर-चंद्रपूरकडचा माणूस पनवेलला येतो, छत्तीस-सदतीस अंशांचा आकडा ऐकतो आणि हसतो. आकड्यांतही आम्ही अगदीच मागे नाही म्हणा. आमच्याच रायगड जिल्ह्यात भिऱ्याला २८ मार्च २०१७ रोजी पारा साडेसेहेचाळीस अंशांवर गेला होता. पण खरा जाच आकड्याचा नाही, हवेतल्या ओलाव्याचा आहे. घाम येतो पण वाळत नाही. आणि न वाळलेला घाम अंग थंड करीत नाही, नुसते चिकट करतो. हवामान खाते मैदानी मुलखात चाळीस अंशांखाली उष्णतेच्या लाटेचे नाव काढत नाही, किनारपट्टीला मात्र सदतीसवरच तो विचार सुरू करते, तो काही आमच्यावर मेहेरबानी म्हणून नव्हे. १६ एप्रिल २०२३ रोजी आमच्याच तालुक्यात, खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो माणसे बसली होती. पारा चाळिशीच्या आतच होता. त्या दिवशीच्या उन्हाने चौदा माणसांचा बळी घेतला. ती बांधलेली नव्हती. पण श्रद्धेने बसलेला माणूस सहसा मध्येच उठत नाही.

आता माझी गोष्ट.

आमच्या गावातले घर कर्नाळ्याच्या बाजूला होते. घरात एक गाय, थोड्या कोंबड्या आणि आईची एक शेळी. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, म्हणून तिचे नाव ठिपकी. गाईचे दूध डेअरीला जाई. ठिपकीचे दूध आणि तिची करडे हा मात्र आईचा स्वतःचा संसार होता. करडू विकून आलेल्या पैशांतून आमच्या वह्या येत, हे मला पुढे कळले. उन्हाळ्याच्या सुट्टीत शेळीचे काम माझ्याकडे असे.

मे महिना होता. शेजारच्या गावात क्रिकेटचे सामने भरले होते. मला दुपारपर्यंत परत यायचे होते, म्हणून मी सकाळी नऊच्या सुमारास ठिपकीला बांधावरच्या आंब्याजवळ नेले. मुलगा बेफिकीर होता असे कुणी समजू नये. मी सावली नीट पारखली. आंब्याची सावली पश्चिमेला लांबवर पडली होती. तिच्यातली सर्वांत दाट जागा मी निवडली, तिथे मेख ठोकली, पाच हातांचे दावे बांधले, पाण्याचे घमेले भरून ठेवले, आंब्याचे नाही तर फणसाचे दोन टाळे टाकले आणि निघालो. मागे वळून पाहिल्याचेही मला आठवते. ठिपकी गार सावलीत उभी राहून फणसाचा पाला खात होती. चित्र काढावे इतके छान दिसत होते.

सामने लांबले. मी परतलो तेव्हा चार वाजून गेले होते.

सावली सरकते, हे मला शाळेत शिकवले होते. मला त्यावर गुणही मिळाले होते. मेच्या मध्यास आमच्या अक्षांशावर सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. सकाळी लांबवर पडलेली सावली गोळा होत होत झाडाच्या बुंध्याशी येते आणि मग पूर्वेकडे निघून जाते. माझी मेख पश्चिमेला होती. ठिपकीने दाव्याने घमेले उपडे केले होते. मेखेभोवतीच्या मातीत तिच्या खुरांनी एक अर्धवर्तुळ उमटवले होते, कंपासने काढावे तसे रेखीव. भर दुपारी सावलीची कड त्या अर्धवर्तुळापासून फार तर दोन हातांवर असेल. ठिपकी झाडाच्या दिशेला मान ताणून पडली होती. दावे ताठ होते.

ती तोंड उघडे टाकून धापा टाकत होती, तोंडाला फेस होता. मी तिला ओढत सावलीत नेले. आई धावत आली, तिने ओले गोणपाट अंगावर टाकले, पाणी तोंडाशी धरले. ठिपकीने ते प्यायले नाही. दिवेलागणीला ती गेली.

मला कुणी मारले नाही. शेजारचे लोक आले, हळहळले आणि म्हणाले, "यंदाचं ऊनच तसं आहे. उन्हानं मेली." वडीलही तेच म्हणाले. आई काही बोलली नाही. आणि मला त्या रात्री झोप येईना, कारण गावात त्या दिवशी दुसरी एकही शेळी मेली नव्हती. मोकळ्या शेळ्या त्याच उन्हात होत्या. कुणी मोरीच्या पुलाखाली जाऊन बसली होती, कुणी करवंदीच्या जाळीत शिरली होती, दोन तर ग्रामपंचायतीच्या ओट्यावर रवंथ करीत होत्या. ऊन सगळ्यांना सारखे होते. ठिपकीला तेवढे दावे होते.

पुढे मी कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत मी पुष्कळ माणसे मारली; क्षयाने, अपघाताने, एकाला तर नुसत्या पश्चात्तापाने. लेखणी कधी अडखळली नाही. पण ही शेळी मला आजवर एकाही प्रकरणात घालता आलेली नाही.

मोठेपणी मी जनावरांविषयी जे काही वाचले, पशुवैद्यांना विचारून घेतले, ते सगळे या एका दुपारीकडेच परत येते. जनावराला उन्हाचे शहाणपण जन्मतःच असते. म्हशीला घर्मग्रंथी फार थोड्या, कातडी काळी. ती उन्हाला अंगाने तोंड देऊ शकत नाही, म्हणून ती डबक्यात जाऊन बसते. आपण तिला आळशी म्हणतो. खरे म्हणजे ती आपला दवाखाना आपणच चालवीत असते. कोंबडीला घाम मुळीच येत नाही. ती पंख अंगापासून दूर धरते, चोच उघडी टाकते आणि ओल्या मातीत पोट टेकून बसते. शेळीचे अंग एरवीही एकोणचाळीस अंशांच्या आसपास गरम असते. तिच्या पोटात पाला आंबत असतो आणि त्या आंबण्यातूनही उष्णता निघते, म्हणून शहाणी शेळी भर दुपारी चरत नाही. सकाळी आणि संध्याकाळी पोट भरते आणि दुपारी सावलीत गप्प राहते. तिकडे सिनाईच्या वाळवंटात बदाऊनी लोकांच्या काळ्या शेळ्या असतात. त्या दोन-दोन, चार-चार दिवस पाण्यावाचून काढतात, वजनाचा चौथा हिस्सा गमावतात आणि विहिरीवर आल्या की काही मिनिटांत सगळे भरून काढतात. हे वाचले तेव्हा मला प्रथम बरे वाटले, की शेळीची जात चिवट आहे. मग लक्षात आले, की हा चिवटपणा चालणाऱ्या शेळीचा आहे. ती पाण्याकडे चालत जाऊ शकते. पाच हातांच्या दाव्यात सिनाईची शेळीही फार वेळ टिकणार नाही.

दावे बांधताना आपण तिचे पाय बांधत नाही, तिचे शहाणपण बांधतो. जे तिला कळते ते करण्याची तिची सोय काढून घेतो. त्या घटकेपासून सावली कुठे आहे, पाणी कुठे आहे, वारा कुठून येतो, हे तिच्या वतीने कुणाला तरी कळायला हवे. ते ज्याने बांधले त्यालाच कळायला हवे, दुसरा कोण आहे?

इथे मला एकनाथांची गोष्ट आठवते. ती आपल्यापैकी प्रत्येकाने आजीच्या मांडीवर ऐकलेली आहे. गंगेची कावड रामेश्वराला नेत असताना तापलेल्या वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडताना दिसले आणि नाथांनी देवाचे पाणी त्याच्या तोंडात ओतले. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगतो. सांगताना गळा दाटून येतो, तो खोटा नसतो. पण एके वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, ते गाढव कुणाचं होतं?"

मला उत्तर देता आले नाही. गोष्टीत ते नाही. गाढव काही रानात उपजत नाही. ते कुणा कुंभाराचे असेल, परटाचे असेल, वडाराचे असेल. ओझे वाहून थकले म्हणून कुणी सोडून दिले असेल. नाथांचे त्या गाढवाशी काही देणे लागत नव्हते, म्हणूनच त्यांची ती दया. आणि ती एवढी मोठी, की तीनशे-चारशे वर्षे आपण ती सांगत आहोत. परंतु त्या गाढवाच्या मालकाने तेच पाणी पाजले असते तर? त्याची गोष्ट कुणी सांगितली नसती, आणि सांगायचे कारणही नव्हते. त्याने आपले देणे फेडले असते, इतकेच. आपली गंमत अशी, की आपण सगळे गाढवाचे मालक आहोत आणि स्वतःला नाथ समजतो. बांधलेल्या शेळीला पाणी दाखवले की आपल्याला पुण्य केल्यासारखे वाटते. वाण्याची उधारी चुकती करून कुणी दानशूर म्हणवून घेत नाही.

सरकारनेही, आश्चर्य वाटेल, ही गोष्ट ओळखली आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. मारझोड तर त्यात गुन्हा आहेच. पण जनावराला अवास्तव आखूड किंवा अवजड साखळीने वा दोराने अवास्तव वेळ बांधून ठेवणे आणि मालकाने त्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हेही गुन्हेच आहेत. १९६५ साली ओझ्याच्या जनावरांसाठी जे नियम झाले त्यांत तर एक फार माणुसकीचे कलम आहे: जिथे पारा सदतीस अंशांवर जातो तिथे दुपारी बारा ते तीन जनावराला कामाला जुंपायचे नाही. आमचे पनवेल एके काळी बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेले. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि १८६३ साली घाटात आगगाडी चढली. त्यामधली तेहतीस वर्षे बंदरातला माल पुण्याकडे बैलांच्या मानेवरच गेला. त्या बैलांना हे कलम मिळायला शंभर वर्षे उशीर झाला. पण कलम चांगले आहे. बैल सावलीत बसला म्हणजे त्याच्या निमित्ताने गाडीवानही सावलीत बसतो.

एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो आणि तो घेणारे लोक निर्दय नसतात. ते म्हणतात, "मास्तर, शेळी शेवटी खाटकाकडेच जायची. बकरी ईदला नाही गेली तर गावच्या जत्रेला जाईल. तिच्या दुपारच्या सावलीचं एवढं काय घेऊन बसलात?" मी मांसाहारी माणूस आहे, रविवारी मटणाच्या रांगेत उभा असतो, म्हणून या प्रश्नाला सोवळ्यातले उत्तर देण्याची मला सोय नाही. पण मला वाटते, आक्षेप नेमका उलटा आहे. रानातल्या भेकराचे आयुष्य किती, हे मी ठरवत नाही. त्याच्या दुपारींचा जाब मला कुणी विचारणार नाही. शेळीचा जन्म मी ठरवला, मरणाचा दिवस मी ठरवला, म्हणजे मधली एकेक दुपार माझ्याच वहीत मांडली गेली. मरण एका घटकेचे असते. दुपारी शेकडो असतात. ज्याला आयुष्य मोजून दिले त्याच्या मापात तरी खोट असू नये. आणि कर्जाची मुदत थोडी आहे, म्हणून ते बुडवायला हरकत नाही, असे कुठला सावकार ऐकून घेईल?

हे सगळे मी मोठ्या तावातावाने एकदा एका आजींना ऐकवले, आणि त्यांनी मला जमिनीवर आणले. त्यांची ओळख व्हायलाही एक शेळीच कारण झाली.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिल होता, सकाळची शाळा होती. चौथीतला एक मुलगा रोज साडेनऊला करंगळी वर करून बाहेर जाई आणि दहा-पंधरा मिनिटे परत येत नसे. पुन्हा साडेदहाला तेच. मी त्याला वर्गासमोर उभे करून बोललो. पूर्वीचे मास्तर असते तर अंगठे धरायला लावले असते. आता तशी परवानगी नाही, आणि नाही तेच बरे, हे मला लवकरच कळले. मुलगा खाली मान घालून उभा राहिला, पण कारण सांगेना. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा करंगळी वर केली. मी दोन मिनिटांनी त्याच्या मागोमाग गेलो.

शाळेच्या कुंपणामागे शिरीषाचे झाड आहे. त्याखाली दोन शेळ्या होत्या. मुलाने एक दगड घेतला, मेखेला आडवे ठोके घालून ती उपटली, चार पावले झाडाकडे सरकला आणि पुन्हा ठोकली. दुसरीचेही तसेच केले. मग दोन्ही शेळ्यांच्या कानांना हात लावून पाहिला, जसा आई तापलेल्या पोराच्या कपाळाला लावते, आणि चड्डीला हात पुसत वर्गाकडे वळला. मला पाहून तो जागीच थिजला.

"सर, सावली सरकते," तो म्हणाला.

मी काय बोललो ते मला आठवत नाही. बहुधा काहीच बोललो नसेन. मी त्या मातीकडे पाहत होतो. खुरांचे अर्धवर्तुळ तिथे कुठेच नव्हते.

त्याचे आईबाप बांधकामावर जात. शेळ्या आजीच्या, पण आजीचे गुडघे धरलेले, म्हणून नातू त्या शाळेत घेऊन येई. त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. पत्र्याची खोली, पण आजींनी पत्र्यावर पेंढा अंथरून वर जुनी गोणपाटे टाकली होती आणि उन्हाळाभर त्यांवर पाणी मारत होत्या. खोलीला लागूनच शेळ्यांचे छप्पर, त्यालाही तेच. भांड्यात पाणी होते, त्यात मिठाचा खडा विरघळवलेला. मी भारावून गेलो आणि माझे प्रवचन सुरू केले: जनावर मोकळेच बरे, दावे हेच मूळ पाप, आणि असे पुष्कळ.

आजी शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मास्तर, सोडते की. उद्याच सोडते. शेजारच्यानं कलमं लावलीत, ती खाईल. तो दगड घालील. हायवेवर गेली तर ट्रक घालील. त्यातून वाचली तर मोटारसायकलवर दोन पोरं येतात, मधी शेळी धरून बसतात न् जातात. मोकळी रहायला रान पाहिजे. रान कुठं राहिलं?"

हे खरेच होते. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट केली, नदीचा ओघ वळवला; गुरचरणीच्या जागांवर इमारती उभ्या राहिल्या. आता पनवेलच्या आसपास भर दुपारी शेळ्या बघायच्या असतील तर उड्डाणपुलाखाली बघाव्यात. खांबांच्या सावलीत त्या ओळीने बसलेल्या असतात, वर गाड्या धडधडत असतात आणि खाली रवंथ चाललेला असतो. माणसाने बांधलेल्या वस्तूंपैकी हीच एक त्यांना पसंत पडलेली दिसते.

मग आजी म्हणाल्या ते माझ्या मनातून जात नाही. "दावं तिच्या गळ्यात आहे हे तुम्हांला दिसलं. दुसरं टोक कुठं आहे? पाच वर्षं झाली, लेक महाडला दिली आहे, तिच्याकडे एक रात्र राहिले नाही. दुपारचं कुणाच्या लग्नाला जात नाही. गेले तर यांना पाणी कोण दाखवील? मलाही बांधलंच आहे की."

मी घरी येताना विचार करीत होतो. बांधणारा स्वतःही बांधला जातो, हे ज्याला मान्य आहे त्याच्या हातात दावे शोभते. आजींचा आणि माझा फरक हाच होता. अकराव्या वर्षी मी दाव्याचे दुसरे टोक हातात धरले नाही. ते मेखेला बांधले आणि क्रिकेट बघायला गेलो. मेख ही मोठी सोयीची वस्तू आहे. ती आपल्या हाताची बदली कामगार. आपण नसताना धरून ठेवण्याचे काम ती चोख करते. मात्र सावली सरकली की हात सरकतो, मेख सरकत नाही.

आणि असे पाहू लागलो की मेखा जागोजाग दिसू लागतात. सकाळी दारात दुधाची पिशवी येते. ती पिशवी म्हणजे एका दाव्याचे टोकच आहे. दुसऱ्या टोकाला घाटावरच्या कुठल्यातरी पत्र्याच्या गोठ्यात एक संकरित गाय उभी आहे. तिचे रक्त थंड मुलखातले, दूध पुष्कळ, आणि आपले ऊन तिला देशी गाईपेक्षा कितीतरी जड जाते. पत्र्याला पेंढा घातला आहे का, बारा वाजता तिला पाणी दाखवले का, हे मला माहीत नाही. पिशवीवर किंमत असते, तारीख असते, ते नसते. गवळ्याला पैसे मिळतात त्यात पेंढ्याची आणि पंख्याची सोय बसते का, हेही मी कधी विचारले नाही. मुंबईत पूर्वी शेठ लोकांनी रस्त्यांवर प्याऊ बांधले; त्यांतल्या कित्येकांना बैला-घोड्यांसाठी वेगळी कुंडे होती. शेठजी स्वतः गाडी हाकत नव्हते, पण त्यांचा माल त्या बैलांनी ओढला आहे, हे त्यांना ठाऊक होते. आता बैल दिसत नाही आणि गायही दिसत नाही. दिसते ती वसुबारसेला.

त्या मुलाला मी पुढे वर्गातून जायला परवानगी मागायची नाही असे सांगितले. साडेनऊला आणि साडेदहाला तो उठतो, जातो, येतो. इतर मुलांना प्रथम गंमत वाटली. मग दोघे-तिघे आळीपाळीने त्याच्याबरोबर जाऊ लागले. एकाने पाण्याचे भांडे उपडे होऊ नये म्हणून ते मातीत अर्धे पुरायची युक्ती काढली. तेवढे साधे मला त्या दिवशी सुचले असते तर!

मे महिन्यात सुट्टी लागली तरी मी चार मुलांना मुद्दाम शाळेच्या पटांगणात बोलावले. मेच्या मध्यास आमच्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो; साडेबारा वाजून गेल्यावर काही क्षण सूर्य नेमका माथ्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मी एक नळाचा तुकडा ओळंबा लावून सरळ उभा केला होता. मुले घामाने निथळत भोवती बसली. सावली आखडत आखडत बोटभर झाली, नखभर झाली आणि गेली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तो मुलगा मात्र शिरीषाकडे बघत होता.

"सर, म्हणजे आज झाडाची सगळी सावली बुंध्याभोवतीच?"

"हो."

"मग शेळी सरळ बुंध्यालाच बांधली तर?"

मला त्याचे कौतुक वाटले. मी म्हटले, "बांध की."

त्याने थोडा वेळ विचार केला आणि मान हलवली. "नाही सर. बुंध्याला बांधली की ती फेऱ्या घालते. दावं गुंडाळत जातं, आखूड होतं, मग तिचं तोंड पाण्यापर्यंत पोचत नाही."

"मग काय करायचं?"

"बसायला लागतं जवळ," तो म्हणाला.

आम्ही पाचही जण उठून शिरीषाखाली गेलो आणि ऊन कलेपर्यंत तिथे बसलो. शेळीने सात फेऱ्या घातल्या. मुलांनी सातही वेळा तिला उलट फिरवून दावे मोकळे केले.